वारा पडलेला आठवडा

"पुढील आठवडाभर जिल्ह्यात हवामान कोरडे राहील. आकाश निरभ्र असेल. किमान तापमान आणखी खाली येईल. वारे अतिशय मंद वाहतील."

रेडिओवरच्या बाईनं एवढं सांगितलं आणि आबांनी मांडीवर थाप मारली.

"ऐकलंस?"

"ऐकलं. उद्या पहिल्या गाडीनं निघायचं."

"कुठं निघायचं? डोकं ठिकाणावर हाय का तुझं? असला आठवडा नशिबानं गावतो, मालन. ढग न्हाई, वल न्हाई, वारं न्हाई. जाळ कसा सरळ हुबा ऱ्हाईल! उद्या तातोबा नारळ घिऊन येतोय का न्हाई बघ."

"आणि धूर कुठं जाईल, आबा?"

"जाईल वर. आणि कुठं जातोय?"

एवढं बोलेपर्यंत त्यांना उबळ आली. भिंतीला हात लावून ते वाकले, आणि मी पाठ चोळत बसले. खोकला थांबल्यावर श्वास आत घेताना छातीत शिट्टी वाजायची. तीसुद्धा लगेच बंद होत नसे. ती वाजत असतानाच त्यांनी रेडिओचं बटण फिरवून आवाज बारीक केला, बॅटरी वाचावी म्हणून.

माझे आबा म्हणजे ज्ञानू गुळव्या. भोगावतीच्या काठावर आमचं गाव, सगळीकडं ऊस, आणि दिवाळी सरली की गुऱ्हाळं पेटायची. रस त्या मोठ्या कढईत, काहिलीत, कधी किती उकळला, पाक नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा, हे ठरवणारा तो गुळव्या. तातोबा चौगल्यांच्या गुऱ्हाळावर आबांनी उभा जन्म काढला. हवा थंड आणि कोरडी असली की गूळ रवाळ होतो, रंग सोन्यासारखा येतो, असं ते सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच जन्मात त्यांनी चुलवाणाचा, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीचा, धूर पण छातीत भरून घेतला होता.

दिवाळीच्या आधी मी त्यांना कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर आबांना बाहेर बसवून मला म्हणाले, "फुप्फुसं संपत आलीत यांची. थंडी पडली आणि वारा थांबला की धूर वर जात नाही, जमिनीलगत बसून राहतो. तसे दिवस आले की यांना गावात ठेवू नका. पुढचा मोठा झटका आला तर इथंपर्यंत आणायलासुद्धा वेळ मिळणार नाही तुम्हाला."

माझं सासर रत्नागिरीला. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, बारा महिने वारा. मी तिथं खानावळ चालवायची. भाऊबीजेला म्हणून माहेरी आले ती आबांना घेऊन जायचं असं ठरवूनच. आणि आता ती रेडिओवरची बाई डॉक्टरांनी सांगितलेलंच अक्षरन् अक्षर बोलत होती, आणि आमचे आबा लग्नाचं निमंत्रण आल्यासारखे खुलले होते.

"सुरेखा," त्यांनी माझ्या भावजयीला हाक मारली, "माझं धोतर आणि फडकं धुऊन टाक गं. उद्या लागंल."

"टाकते, आबा," सुरेखा म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच चुलीकडं वळली. माझा धाकटा भाऊ सर्जेराव ताटावर मान घालून जेवत होता.

"सर्ज्या, तू तरी काही बोल!" मी ओरडले. "डॉक्टर काय म्हणाले ते तुला सांगितलंय ना मी?"

"मी काय बोलू?" तो म्हणाला. "तुमचं तुम्ही बघा." आणि अर्धी भाकरी टाकून उठला. हा असा माणूस. लहानपणी कुणी भांडायला लागलं की गोठ्यात जाऊन म्हशीआड बसायचा.

मग मी आणि आबा, दोघंच भांडत राहिलो. मी हात जोडले, आवाज चढवला, आईची शपथ घातली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"तातोबा नारळ घिऊन दारात आला, आणि गुळव्या घरात न्हाई, असं कधी झालंय काय?" आबा म्हणाले. "त्याचा बाप पण यायचा. माझ्या बापाकडं यायचा."

आमच्याकडची ही रीत. गुऱ्हाळाच्या मालकानं स्वतः नारळ घेऊन गुळव्याच्या दारी जायचं. गुळव्यानं तो कपाळाला लावला की सबंध हंगाम तो त्या चुलवाणाचा. चुलवाणापुढं नारळ त्यानंच फोडायचा आणि मग जाळ लावायचा. आणि वाटेत कुठं नारळ फुटलाच, तर तो मोठा अपशकुन. त्या साली त्या गुळव्यानं जाळाला हात लावायचा नाही. या असल्या गोष्टींवर आबांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

माझं डोकं भणाणलं. या माणसाशी बोलून उपयोग नाही, हे मला कळून चुकलं. मी ठरवलं, सकाळी सरळ तातोबामामांकडं जायचं आणि त्यांच्या पाया पडायचं. नारळच घेऊन येऊ नका म्हणायचं. बोलावणंच आलं नाही तर जातील कुठं?

सकाळी दात वाजतील अशी थंडी होती. झाडाचं पान हलत नव्हतं. गावातल्या चुलींचा धूर घरांच्या पत्र्यावरच रेंगाळत होता. मी कालव्याच्या कडेनं तातोबामामांच्या मळ्यात गेले. काहील घासून लख्ख केली होती. जाळायला वाळवलेल्या उसाच्या चिपाडाचे ढीग लागले होते. मामा कुणाशी तरी बोलत होते, आणि मला बघितल्याबरोबर त्यांचा चेहराच उतरला.

"मालन? कधी आलीस, पोरी?"

"भाऊबीजेला. मामा, तुमच्याकडं एक मागणं आहे. नाही म्हणू नका."

"बोल की."

"आबांना यंदा बोलावू नका. नारळ घेऊन येऊ नका. डॉक्टर म्हणाले, आता धूर लागला तर माणूस हाती लागणार नाही. तुम्ही आलात की ते थांबायचे नाहीत. तुमच्या पाया पडते."

मी खरंच वाकले. मामांनी घाईघाईनं मला धरलं. त्यांचं तोंड असं झालं होतं की मला वाटलं, रागावले. गुळव्या काढून घेतल्यावर मालक रागावणारच. मी बोलत सुटले, की दुसरा माणूस मिळेल, मी शोधून देते, सर्जेरावला पाठवते.

"मालन," ते हळूच म्हणाले, "आगं, आम्ही बोलावणार नव्हतोच त्यांना."

"म्हणजे?"

मामांनी हनुवटीनं मागं दाखवलं. चुलवाणापाशी एक तरणा माणूस उकिडवा बसून आत वाकून बघत होता. "निपाणीकडचा हाय. दसऱ्यालाच ठरिवला. उद्या सकाळी जाळ लावायचा."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

"गेल्या साली तीन-चार काहिली हुकल्या बघ," मामा जमिनीकडं बघत बोलत होते. "पाक हातात धरून बघायची येळ झाली, की नेमकी त्यास्नी उबळ यायची. खोकला थांबंपतूर पाक फुडं गेलेला. काळा, चिकाट गूळ. कुणी घीना. मी त्यास्नी एक शबूद बोललो न्हाई, मालन. देवाशपथ. पण यंदा मुलं ऐकंनात माझी."

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"सर्जेरावाला सांगितलं हुतं की! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच. म्हटलं, तुझ्या बानं आमच्या घराला गूळ दाखवला, मला तोंड न्हाई त्यास्नी सांगायला. तू सांग."

मी आले होते ते 'बोलावू नका' म्हणायला. हवं ते न मागता मिळालं होतं. पेढे वाटायला हवे होते मी. उलट तळपायाची आग मस्तकाला गेली. उभा जन्म घातला माणसानं या चुलवाणापुढं, आणि निरोप पाठवला सर्ज्याकडं! ज्यानं आजवर कुणाला मांजरसुद्धा हाकलायला सांगितलं नाही!

तशीच दूध डेअरीवर गेले. सर्जेराव दुधाची मापं घेत होता. कॅन घेऊन माणसं रांगेत उभी होती, तरी मी थांबले नाही.

"सर्ज्या, दसऱ्याला तातोबामामांनी तुला काय सांगितलं होतं?"

तो पांढराफटक पडला. माप कुणाच्या तरी हातात देऊन मला बाजूला घेऊन गेला.

"ताई, हळू बोल."

"सांगितलं का नाहीस आबांना?"

"मला वाटलं, मामाच सांगतील. त्यांचं गुऱ्हाळ, त्यांनी सांगायचं. मी कशाला मधी?"

"आणि मामांना वाटलं, तू सांगितलंस! आणि सुरेखाला?"

"तिला ठाऊक हाय."

"म्हणून धोतर धुतलं तिनं गुपचूप! अरे, सगळ्या गावाला ठाऊक दिसतंय!"

रांगेतली माणसं दुसरीकडं बघायला लागली. त्यावरूनच कळलं, की होय, सगळ्यांना ठाऊक आहे. एकेकाची भीड. कुणालाच वाईट व्हायचं नव्हतं. महिनाभर सगळं गाव त्या माणसाला रामराम घालत होतं, 'काय ज्ञानूदा, हवा झकास पडली' म्हणत होतं, आणि तो बिचारा रोज संध्याकाळी रेडिओ कानाला लावून बसत होता.

"तू सांग की आता," सर्जेराव म्हणाला. "तुझं काय, तू रत्नागिरीला जाशील."

त्याला दोन लगावाव्यात असं वाटलं. पण म्हटलं, ठीक आहे. मीच सांगते. जी गोष्ट आहे ती आहे. एकदाचं कळेल, वाईट वाटेल, आणि उद्या गाडीत बसतील.

घरी आले. आबा सोप्यात बसले होते. दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून, फडकं खांद्यावर. पुढ्यात चहाचा कप होता, वरती साय धरलेला.

"चहा का नाही घेतला?" मी विचारलं.

"तातोबा येईल एवढ्यात. त्याच्यासंगट घिऊ म्हटलं." रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. त्यांनी मान उंचावून पाहिलं. पुढं गेली ती. "चिपाड वाळायचं ऱ्हायलं असंल त्याचं. न्हाईतर असली हवा सोडणारा माणूस न्हवं तो."

"आबा..."

"आता परत तेच बोलू नगंस बघ."

"आबा, तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मी सांगतो," ते म्हणाले, आणि आवाज खाली आणला. "गेल्या साली माझ्या हातनं थोडं इकडंतिकडं झालं. तातोबा बोलला न्हाई कायबी. पण मला कळतंय न्हवं? या साली हवाच अशी हाय की चुकायचंच न्हाई. एक काहील, मालन. एक काहील माझ्या मनासारखी उतरू दे, मग तू म्हणशील तिथं येतो. समुद्रात जाऊन बसतो पायजे तर."

मी तशीच उठले. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. एवढी चिडले होते, की कुणावर चिडले तेच समजेना. तातोबामामांवर, भावावर, त्या निपाणीच्या माणसावर, ज्याचा काही संबंध नव्हता, का त्या हवेवर? उद्या सकाळी जाळ लागणार. वारा नाही. धूर वर न जाता सरळ कालवा ओलांडून गावात येऊन बसणार. आबांना कुणी सांगायची गरजच नव्हती. नाकात धूर शिरल्याबरोबर त्यांना कळणार होतं, की आपल्याशिवाय चुलवाण पेटलं. धुरानं एक झटका, आणि वर हा दुसरा.

मी परत मळ्यात गेले. दुसऱ्यांदा त्या एकाच वाटेनं, त्याच दिवशी. तातोबामामा मला बघून चक्क काहिलीमागं जायला लागले.

"पळू नका," मी म्हटलं. "आज संध्याकाळी नारळ घेऊन आमच्या दारात यायचं."

"आँ? आगं, सकाळी तूच म्हणालीस न..."

"सकाळचं सोडा. यायचं, रीतीप्रमाणं नारळ पुढं करायचा, आणि म्हणायचं, यंदाही चुलवाण तुमच्याच हाती. पुढचं मी बघते. मी आडवी पडते. भांडते, रडते, पाठवत नाही म्हणते. तुम्ही जरा आग्रह करायचा, मग हळहळायचं आणि निघून जायचं. लेकीनं अडवलं म्हणून आले नाहीत, असं होऊ दे. बोलावलंच नाही, असं नको."

मामांनी काहिलीच्या काठावर हात टेकला.

"आणि त्यांनी नारळ घेतलाच तर?"

"घेऊ देत नाही मी."

"माझ्या मुलांस्नी काय सांगू?"

"तुमच्या मुलांना काही सांगायची गरज नाही. महिनाभर तुम्ही कुणाला काही सांगितलं नाहीत, अजून एक दिवस नका सांगू."

टोमणा त्यांना लागला. त्यांनी यायचं कबूल केलं.

दिवे लागायच्या वेळेला मामा आले. हातात नारळ. शेजारची दोन-तीन माणसंही त्यांच्यामागून येऊन अंगणात टेकली. मामा नारळ घेऊन आमच्या दारात कसे, हे कुणालाच उमगेना. आबा उभे राहिले.

"ये तातोबा. लई वाट बघायला लावलीस."

"जरा... चिपाड ओलं हुतं," मामा म्हणाले.

"असल्या हवेत?" आबा हसले. "आता वयापरमानं कामाला हात चालत न्हाई म्हण की."

मामांनी दोन्ही हातांनी नारळ पुढं केला. "यंदाबी... चुलवाण तुमच्याच हाती, ज्ञानूदा." आवाज थरथरत होता. ते काही नाटक नव्हतं.

मी पुढं झाले. "मामा, नारळ ठेवा बाजूला. आबा यायचे नाहीत. मी त्यांना रत्नागिरीला नेतेय."

"बरं, बरं," मामा म्हणाले. "पोरगी न्हाई म्हणती तर ऱ्हाऊ द्या मग." आणि लगेच वळले! आग्रह नाही, हळहळ नाही. सुटलो एकदाचा अशा थाटात पायरी उतरायला लागले. मी कपाळाला हात लावला.

"थांब!" आबा कडाडले. "घर कुणाचं हाय हे? हिचं? आण तो नारळ."

त्यांनी मामांच्या हातातला नारळ घेतला. मी मधे हात घालेपर्यंत कपाळाला लावलासुद्धा.

मामांनी माझ्याकडं पाहिलं. बुडणारा माणूस काठावरच्याकडं बघतो तसं. सर्जेराव दारात होता. आता बघितलं तर नव्हता, गेला असणार म्हशीकडं. सुरेखानं पदर तोंडाला लावला होता.

"आबा, तो नारळ परत द्या."

"उद्या सकाळी येतो, तातोबा. काहील आज रातीला परत एकदा घासून ठेव म्हणावं."

"आबा, तुम्ही गेलात तर मी या घरात परत पाऊल टाकायची नाही."

"नगंस टाकू."

"तुम्हाला मरायचंय का?"

"व्हय!" ते ओरडले. "मराण यायचं तर चुलवाणापुढं येऊ दे! तुझ्या त्या समुद्राकाठी, खानावळीच्या मागच्या खोलीत न्हाई मरायचं मला!" आणि त्यापुढं त्यांना बोलता येईना. खोकला सुरू झाला, ते वाकले, तरी नारळ छातीशी घट्ट धरलेला. खोकला थांबला, तेव्हा ओठ निळसर दिसत होते. आणि त्या माणसानं मान वर करून तातोबामामांना विचारलं, "जाळ किती वाजता लावायचा?"

मी काय केलं ते मला करायचंच होतं असं नाही. दुसरं काही उरलंच नव्हतं. मी त्यांच्या हातातून नारळ ओढून घेतला आणि पायरीच्या दगडावर आपटला.

एका फटक्यात फुटला. पाणी दगडावरून खाली गेलं. एक भकल मामांच्या पायाशी जाऊन पडलं.

"अरारारा," कुणीतरी म्हणालं.

आबा त्या भकलांकडं बघत राहिले. मग खाली बसले. मला वाटलं, आता शिव्या देतील, हात उगारतील. आयुष्यात कधी उगारला नव्हता, पण आज उगारतील. ते एवढंच म्हणाले, "फोडलास?"

"फोडला."

"माझ्या हातातला."

तातोबामामा खाली वाकले, आबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. आबांना वाटलं, गुळव्या गेला म्हणून रडतायत. त्यांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नगंस," म्हणाले. "गावंल कोणतरी. माझ्याएवढा न्हाई, पण गावंल."

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. एका शब्दानं नाही म्हणाले नाहीत. फुटलेल्या नारळाचा गुळव्या हंगामभर गावात बसून दुसऱ्यांचा गूळ बघत राहायचा, हे त्यांना झेपणारं नव्हतं. एस.टी. कालव्यावरून वळली तेव्हा मळ्याकडून धूर येत होता. वर जात नव्हता. उसाच्या शेंड्यांवर पांढरी दुलई टाकल्यासारखा पसरला होता आणि हळूहळू गावाकडं सरकत होता. मी खिडकीची काच लावून घेतली. आबांनी तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला, ओळख ना पाळख, सांगितलं, "मला बोलावणं आलं हुतं. मालक स्वतः आला हुता नारळ घिऊन. ह्या पोरीनं फोडला."

हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, आणि मग थांबलेच नाहीत. रत्नागिरीत वाणी, न्हावी, माझ्या खानावळीत जेवायला येणारे बँकेतले साहेब, देवळातला गुरव, सगळ्यांना ती गोष्ट पाठ झाली. माझ्याशी मात्र सरळ बोलत नसत. "तिला सांगा, मीठ जास्त झालंय." "तिला विचारा, रेडिओचे सेल आणले का." आमचे हे मधल्या मधे निरोप्याचं काम करून वैतागायचे. गावाकडं लग्नाकार्याला गेले की बायका कुजबुजायच्या, हीच ती, बापाच्या हातातला नारळ फोडणारी. आणि ज्यांना खरं काय ते ठाऊक होतं, ते नेहमीसारखे दुसरीकडं बघायचे. सर्जेराव तर मला म्हणाला, "ताई, जरा जास्तच केलंस तू." मी त्याला काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

आबांची तब्येत सुधारली, हे खरं. समुद्राच्या वाऱ्यानं छाती मोकळी झाली. पायऱ्या चढायला लागले, ओरडायला लागले. आणि जेवढा दम जास्त, तेवढी नारळाची गोष्ट लांब. एकदा भरल्या खानावळीत म्हणाले, "हिनं माझं नाव घालवलं. यमानं केलं नसतं ते लेकीनं केलं." माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. एकच वाक्य होतं माझ्याकडं: तुम्हाला कुणी बोलावणारच नव्हतं. जिभेच्या टोकावर यायचं ते. कितीदा आलं! एकदा बोलले की मी सुटणार होते. मी मागच्या बाजूला जायचे आणि भांडी घासायचे, तळ निघेस्तोवर. रडू नाही यायचं. राग यायचा, नुसता राग.

मग एका हिवाळ्यात तातोबामामा आले. गणपतीपुळ्याला आले होते, तसेच शोधत आमच्याकडं आले. बरेच थकले होते. आबांना एवढा आनंद झाला, की स्वतः जाऊन त्यांच्यासाठी खुर्ची आणली.

"कोण हाय आता चुलवाणावर?"

"हाय निपाणीचा एकजण."

"गूळ कसा करतोय?"

"करतोय." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुमच्यागत न्हाई."

"कसा असंल?" आबा खूष झाले. "तू आलतास रं. घरापतूर आलतास, नारळ घिऊन. तुझ्याकडनं कायबी कमी झालं न्हाई. हीच आडवी आली. ऱ्हातं असं मनात. पण तुझ्याबद्दल न्हाई."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मामांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. मला कळलं, हा माणूस आता बोलणार. मन मोकळं करून देवदर्शनाचं पुण्य पदरात पाडून जाणार.

"ज्ञानूदा," मामा म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या साली खरं म्हंजे..."

मी ट्रे असा आदळला की कप बशीतून उडाले.

"खरं म्हणजे काय? काय खरं म्हणजे?" मी ओरडले. "मीच फोडला तो नारळ! मामा आले होते बोलवायला, तुम्ही जायला निघाला होतात, आणि मी फोडला! झालं समाधान? अजून किती वर्षं तेच तेच?"

मामा तोंड उघडं ठेवून बसले. चहा टेबलावरून खाली गळत होता. आबा माझ्याकडं सरळ बघत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"बघ, तातोबा," ते म्हणाले, "कबूल झाली एकदाची!"

आणि ते हसायला लागले. मांडीवर थापा मारत, डोळे पुसत, खुर्ची हलेपर्यंत हसले. खूप वेळ हसत होते, आणि एकदाही खोकले नाहीत.